शेवंतीच्या नऊ कुंड्या आणि एकोणतिसावा पाणदरवाजा

नौकाविहारावरची अकरा पुस्तकं ओक्ताव्ह व्हेर्मोरेलने सुखरूप वाचून काढली. घात झाला तो बाराव्या पुस्तकाने.

बारावं पुस्तक म्हणजे कालव्याची मार्गदर्शिका. तिच्या दोन आवृत्त्या त्याच्याजवळ होत्या. एक गेल्या वर्षीची, गुळगुळीत कागदाची, खाणावळींच्या रंगीत जाहिरातींनी भरलेली. दुसरी सत्तेचाळीस वर्षांपूर्वीची, कापडी बांधणीची, तळटीपांसकट. जिल्ह्याच्या दप्तरखान्यात छत्तीस वर्षं जुन्या कागदांशी संसार केलेला माणूस यांतली कुठली उचलणार हे सांगायला नको. नव्या आवृत्तीला शेवटी सूची नाही, हे त्याने बायकोला दोनदा बोलून दाखवलं. सोलांज मसूर निवडत होती. ती एवढंच म्हणाली, "पाणी तेच आहे ना?"

पाणी तेच होतं. तारखा बदलल्या होत्या.

पण या प्रवासाचं वेड मुळात ओक्ताव्हचं नव्हतं. सोलांजचे वडील त्या कालव्यावरच्या एकोणतिसाव्या पाणदरवाजाचे राखणदार होते. दरवाजाला लागून सरकारी घर, घरामागे कोबीचे वाफे, आणि तिथे सोलांज बारा वर्षांची होईपर्यंत वाढली. वरून आलेली बोट दोन दरवाजांमधल्या हौदात शिरे, मागचे दरवाजे लागत, मग ही पोर लोखंडी हँडल फिरवून हौदातलं पाणी सोडू लागे आणि तिच्या डोळ्यांसमोर बोट माणसांसकट खाली खाली जाई. आधी चेहरे, मग टोप्या, मग नुसतं धुराडं. पुढचे दरवाजे उघडले की बोट आपल्या वाटेने चालू लागे. सोलांज मात्र एकदाही बोटीत बसली नव्हती. तिची मावशी झेली एकदा कोळशाच्या बोटीत "सूप निवायच्या आत येते" म्हणून बसली, ती परत आलीच नाही. त्या दिवसापासून आईने घरातल्या बायकांना बोटीची बंदी केली होती. पुढे वडील गेले, सरकारी घर गेलं आणि सामान ट्रकमधून अव्हालों गावाला आलं.

"हजारो बोटी मी वरून बघितल्या," ओक्ताव्ह निवृत्त झाला त्या संध्याकाळी ती म्हणाली होती, "एकदा आत बसून, खालून वर बघायचंय. बाबांच्या दरवाजातून."

एकेचाळीस वर्षांच्या संसारात तिने त्याच्याजवळ मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मावल्या असत्या. ओक्ताव्हने शब्द दिला आणि वाचायला घेतलं. वाचनात तीन वर्षं गेली. त्याला दोष देता येणार नाही. विषय खोल होता. तेवढ्यात या उन्हाळ्यात वर्तमानपत्रात बातमी आली की कालवा हिवाळ्यासाठी रिकामा केला की एकोणतिसाव्याचे जुने दरवाजे काढून तिथे बटणाचे दरवाजे बसणार. सोलांजने बातमी कापली आणि फ्रिजवर लावली. ओक्ताव्हला पुढचे दोन महिने दूध घेताना ती वाचावी लागली.

जुन्या मार्गदर्शिकेप्रमाणे कालवा पंधरा नोव्हेंबरला बंद होत होता. त्याने ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी निघायचं ठरवलं. पहिल्या दरवाजापासून उतरत जायचं, एकोणतिसाव्याच्या खाली बंदर आहे तिथे बोट परत द्यायची. घाई नको, खाणंपिणं सावकाश, कडेला वाचन.

बेत फुटला तो तळमजल्यावरच्या मादाम ग्रोदिदिएंमुळे. त्यांनी पाण्यावरच्या गारठ्याबद्दल, सांधेदुखीबद्दल आणि आपल्या एका बुडालेल्या मेहुण्याबद्दल तपशीलवार माहिती दिली आणि शेवटी विचारलं, की वाटेत शाती गाव लागतं ना? तिथे त्यांच्या नणंदेचं थडगं होतं. एक नोव्हेंबरला, मृतांच्या सणाला, तिथे शेवंतीची कुंडी कोण नेणार या काळजीने त्यांना झोप नव्हती. ओक्ताव्ह हा न्हाव्याने कान कापला तरी "छान झालं" म्हणणारा माणूस. तो हो म्हणाला. दुसऱ्या दिवसापर्यंत हे इमारतभर झालं. कुणाचे आजोबा, कुणाची दाई, कुणाचे वर्गशिक्षक, कालव्याच्या काठी इतकी ओळखीची माणसं पुरलेली असतील अशी त्याला कल्पना नव्हती. निघायच्या दिवशी टॅक्सीत सामान थोडं आणि शेवंतीच्या कुंड्या नऊ होत्या.

बोट भाड्याने देणाऱ्या कचेरीत एक कंटाळलेली तरुणी होती. चालवण्याचा परवाना लागत नाही, ती म्हणाली, फक्त हा फॉर्म. फॉर्मवर "नौकाप्रमुख" असा रकाना होता. तिथे ओक्ताव्हने स्वतःचं नाव एकेक अक्षर जपून लिहिलं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्याला कुणी कशाचाच प्रमुख केलं नव्हतं. पुढचा रकाना "अनुभव". बराच विचार करून त्याने "वाचन" असं लिहिलं. तरुणीने ते वाचलं, त्याच्याकडे पाहिलं, सोलांजकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि शिक्का मारला. दरवाजांच्या वेळा, दुपारची जेवणाची सुट्टी, बंद होण्याची तारीख असलेला एक पिवळा कागदही तिने दिला. ओक्ताव्हने तो घडी घालून जुन्या मार्गदर्शिकेत ठेवला. खूण म्हणून.

बोटीला ब्रेक नसतो. हे अकराही पुस्तकांत लिहिलेलं होतं, पण वाचणं वेगळं आणि समोरून दगडी भिंत येणं वेगळं. पहिल्या दरवाजाच्या हौदात बोट तिरकी शिरली, एका बाजूला घासली, दुसऱ्या बाजूला घासली आणि स्वतःच्याच दमाने थांबली. पुढचं मात्र ओक्ताव्हला तोंडपाठ होतं. त्याने दोर काठावरच्या खुंट्याला टाकला आणि पुस्तक तिसरं, आकृती बारा यातली गाठ मारली. गाठ देखणी होती. राखणदाराने पाणी सोडलं. पाणी खाली गेलं. बोट गेली नाही.

ती एका बाजूने भिंतीला लटकली. शेवंत्या घसरत आल्या, कॉफीचं भांडं निघालं, नौकाप्रमुख पायऱ्यांवर बसले. गाठ ओढताच जास्त आवळत होती. पुस्तकात तिचा हाच गुण सांगितला होता. सोलांजने टेबलावरची पाव कापायची सुरी उचलली, दोराजवळ गेली आणि तो कापला. बोट धप्पकन पाण्यावर बसली. वर राखणदार हँडलला टेकून उभा होता.

"दोर बांधायचा नसतो, मस्यो," तो म्हणाला. "खुंट्याला वळसा घालून हातात धरायचा. पाणी जाईल तसा सोडत राहायचा."

"बरोबर," ओक्ताव्ह म्हणाला, जणू दुसरं एखादं मत तपासून पाहत होता.

सोलांजला हे माहीत असणारच, हे त्याच्या लक्षात यायला संध्याकाळ झाली. चौथ्या दरवाजाला तिने त्याच्या मागून दोर नुसता हलकेच सैल केला होता. त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तू इतकं वाचलं होतंस." त्यात टोमणा होता की नाही, यावर तो झोप येईपर्यंत विचार करत पडला.

दुसऱ्या दिवसापासून एक विचित्र गोष्ट सुरू झाली. छपरावर नऊ शेवंत्या, काळ्या कोटातला म्हातारा सुकाणूवर, शेजारी गंभीर बाई. गळ टाकून बसलेले लोक त्यांना पाहून उठून उभे राहू लागले. एकाने टोपी काढली. सायकलवरून जाणाऱ्या दोन बायकांनी गप्पा थांबवल्या. सातव्या दरवाजाच्या राखणदाराने आवाज खाली आणून विचारलं, "फार जवळचं कुणी होतं का?"

इथे खरं सांगायला एक वाक्य पुरेसं होतं. पण समोरचा माणूस टोपी छातीशी धरून उभा असताना त्याला तोंडावर पाडणं ओक्ताव्हच्या स्वभावात नव्हतं. तो म्हणाला, "मावशी." का म्हणाला, कुणास ठाऊक. कालव्याशी संबंध असलेली ती एकच नातेवाईक त्याला आठवली असावी.

"माझी मावशी?" बोट पुढे गेल्यावर सोलांजने विचारलं.

"नाव सांगितलं नाही."

"ती कशाने गेली म्हणालास?"

"तेवढं त्याने विचारलं नाही."

"उद्या विचारतील," सोलांज म्हणाली, आणि तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती.

राखणदारांना पुढच्या दरवाजाला बोट येतेय असं कळवावंच लागतं. बोटीबरोबर मावशीही पुढे पुढे कळत गेली. दरवाजे आधीच उघडून ठेवलेले मिळू लागले. तेराव्याला कुणी गरम सूप दिलं. पंधराव्याला मावशीच्या थडग्याचं गाव कुणीतरी ठरवून टाकलं होतं. आणि अठराव्याला राखणदाराने हट्टच धरला, की मावशीच्या आठवणीत दोन घोट वाइन घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही. दोन घोटांत अर्धा दिवस गेला. त्या माणसाला स्वतःचीही एक मावशी होती आणि तिच्याबद्दल बोलायला त्याला बरेच दिवस कुणी मिळालं नव्हतं. ओक्ताव्हने तिची सगळी हकिगत ऐकून घेतली. खोटं बोलून माणूस कुणाच्या तरी उपयोगी पडू शकतो, या शोधाने तो अस्वस्थ झाला.

बुधवारी, सणाच्या दिवशी, दरवाजे बंद होते. बोट एकविसाव्याच्या वर बांधून दोघे दिवसभर कुंड्या पोचवत हिंडले. वर्गशिक्षकांच्या थडग्यावर शेवंती ठेवताना त्यांची एक जुनी विद्यार्थिनी भेटली आणि मास्तर किती मारायचे हे सांगून गेली. मादाम ग्रोदिदिएंच्या नणंदेचं थडगं काही सापडलं नाही. त्या नावाची बाई दफनभूमीच्या नोंदवहीतही नव्हती. ती कुंडी तशीच परत आली.

थकून दोघे गावातल्या कॅफेत बसले. शेजारच्या टेबलावर एकविसाव्याचा राखणदार पत्ते पिसत होता. परवा कुठपर्यंत जाणार, त्याने सहज विचारलं, कारण शुक्रवारी बाराच्या ठोक्याला कालवा बंद.

ओक्ताव्ह समजुतीने हसला. पंधरा तारखेला, त्याने सांगितलं.

"तीन तारखेला," राखणदार म्हणाला. "पिवळा कागद दिला नाही तुम्हाला?"

पिवळा कागद मार्गदर्शिकेच्या एकशे बाराव्या पानावर होता. ओक्ताव्हने तो उघडला, वाचला, पुन्हा घडी घातली आणि त्याच पानावर परत ठेवला, जणू तसं केल्याने त्याने तो अजून वाचलेला नसता. एकोणतिसाव्याच्या आधी आठ दरवाजे, हाताशी एक अख्खा दिवस आणि एक सकाळ. वाटेत पाण्याचा एक लांब पट्टा होता, आणि बोट चालण्याच्या वेगाने जात होती.

सोलांजने कपातली कॉफी ढवळली. ती चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"नव्या पुस्तकात ही तारीख होती?" तिने विचारलं.

"असेल."

"आणि ते तू आणलं नाहीस."

"त्याला सूची नव्हती," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच ते कारण त्याला स्वतःलाही ऐकू आलं.

त्यानंतरचा दीड दिवस त्याने पुस्तक उघडलं नाही. पहाटेच बोट सोडली. दोर हातात धरायला तो शिकला, वेळेवर सोडायलाही. मावशीची चौकशी झाली की सोलांजच उत्तर देऊ लागली, थोडक्यात आणि डोळे टिपत, कारण तेवढ्याने पाच मिनिटं वाचत होती. शुक्रवारी सकाळी अकराला अठ्ठाविसावा दरवाजा मागे पडला. मग तो लांब पट्टा. दोन्ही काठांना पॉप्लरची झाडं, पाण्यावर पिवळी पानं, आणि पंख्यात अडकलेला शेवाळाचा गुंता, जो काढायला ओक्ताव्हला बाही कोपरापर्यंत भिजवावी लागली आणि वीस मिनिटं लागली. शेवटच्या वळणावर, घर नुकतंच दिसू लागलं तेव्हा, गावच्या चर्चची घंटा वाजू लागली. दोघांनी मोजली. बारा.

एकोणतिसाव्याचे वरचे दरवाजे उघडे होते आणि हौद भरलेला होता, पण काठावर कुणी नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत गळ्याला रुमाल लावलेला एक दणकट माणूस ताटावर वाकलेला दिसत होता. दाराजवळ नव्या यंत्रांची खोकी रचून ठेवली होती. ओक्ताव्ह बोटीतून उतरून दाराकडे निघाला. सोलांजने त्याची ओली बाही धरली.

"जेवतोय तो."

"मी फक्त सांगतो."

"बाबांनी चमचा हातात घेतला की राष्ट्राध्यक्ष आले असते तरी ते उठले नसते. थांब."

ती शांतपणे म्हणाली, पण तिचा हात बाहीवरच राहिला. ओक्ताव्हने तिच्याकडे पाहिलं. ती घराकडे पाहत नव्हती. हँडल फिरवलं की दाताला दात लागून वर सरकणाऱ्या, दरवाजाच्या लोखंडी पट्टीकडे पाहत होती.

खिडकीच उघडली. त्या माणसाने, त्याचं नाव रुबेल, तोंडातला घास संपवला आणि सांगितलं की वाईट वाटतं, पण बारा वाजले. दोन वाजता वरून माणसं येणार आणि पाणी उतरवायला घेणार. त्याच्या हातून आता हँडल फिरलं तर नोकरीवर गदा येईल. मग छपरावरच्या उरलेल्या कुंडीकडे त्याची नजर गेली आणि आवाज खाली आला. "तुम्हीच का ते, मावशीवाले?"

हा दरवाजा उघडायला मावशी पुरली असती. मेलेल्या माणसासाठी नियम वाकतात, हे गेल्या पाच दिवसांत ओक्ताव्हला चांगलं कळलं होतं. सोलांजने ते त्याच्यावर सोडलं होतं. तो नौकाप्रमुख होता.

"मावशी नाही," ओक्ताव्ह म्हणाला. त्याचे कान तापले. "कुणी मेलेलं नाही. मला नाही म्हणता आलं नाही, म्हणून ते वाढत गेलं. ही इथे वाढली. या घरात. हिला एकदा बोटीत बसून इथून खाली जायचं होतं, आणि मी तारीख जुन्या पुस्तकात पाहिली."

आयुष्यात सलग एवढी वाक्यं तो अनोळखी माणसाशी बोलला नव्हता. रुबेलने सोलांजकडे पाहिलं.

"कुणाची तुम्ही, मादाम?"

"पोर्शरोंची."

"मागचं नासपतीचं झाड लावलं ते पोर्शरो?"

"अजून आहे?"

"फळं दगडासारखी येतात."

"तेव्हाही यायची," सोलांज म्हणाली.

रुबेलने रुमाल नीट केला. थोडा वेळ त्याने ताटाकडे पाहिलं. निवत चाललेल्या मटणाचा त्याच्या मनावर बराच ताण येत असावा. "मी बारा ते एक जेवतो," शेवटी तो म्हणाला. "जेवताना मला बाहेरचं काही दिसत नाही. आणि हँडल असतं दाराच्या मागे. कायम तिथेच असतं." त्याने खिडकी लावून घेतली.

सोलांज दाराकडे गेली, आत न पाहता तिचा हात दारामागे गेला आणि हँडल घेऊनच परत आला. बोट हौदात आणून झाली होती. ती दरवाजाच्या कडेला उभी राहिली, हँडल पट्टीला लावलं, पाय रोवले. साठ वर्षांनी पाय त्याच जागी पडले असावेत. ओक्ताव्ह बोटीत दोर धरून उभा होता आणि खालून तिच्याकडे पाहत होता. तिच्या चेहऱ्यावर घाई नव्हती, तक्रारही नव्हती. ती पुन्हा वर होती, आणि बोट पुन्हा तिच्यासमोरून खाली जाणार होती.

त्याने दोर खुंट्यावर टाकला आणि काठावर चढला.

"तू बस खाली."

"तुला नाही जमणार, ओक्ताव्ह."

"नाहीच जमणार. तू सांगत जा."

तिने हँडल दिलं नाही. ते जुनं, जड, मध्ये झिजून चकचकीत झालेलं लोखंड होतं. मग दिलं.

मागचा दरवाजा एका बाजूने ढकलून लावायचा, मग पुढच्या बंद दारांवरच्या वीतभर फळीवरून पलीकडे जाऊन दुसरा लावायचा. ती फळी ओक्ताव्हने ओलांडली, म्हणजे बसून, सरकत सरकत. पुस्तकात असं सांगितलेलं नव्हतं. परत आल्यावर त्याने खुंट्याला दोराचा वळसा घातला आणि मोकळं टोक खाली सोलांजच्या हातात दिलं. बांधलं नाही. हँडल लावलं आणि फिरवलं. पाणी गर्जत निघालं, बोटीने पुढच्या दिशेला हिसका घेतला.

"हळू," खालून सोलांज म्हणाली. "तीन दात. मग थांब. पाण्याला कळू दे."

तीन दात कोणते, हे त्याला समजेना. खिडकीच्या काचेवर काट्याने टकटक झाली. रुबेल ताटावरच वाकलेला होता, पण त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं वर होती. ओक्ताव्हने हँडल उलटं आणलं, तीन दात मोजले आणि थांबला. मग आणखी तीन.

बोट खाली जाऊ लागली. सोलांज हातातून दोर सोडत होती, जराही घाई न करता. तिचे खांदे काठाच्या खाली गेले. चेहरा गेला. मग वरून फक्त पांढरे केस आणि शेजारी शेवंतीची एक कुंडी दिसत होती. ओल्या, शेवाळलेल्या भिंतींच्या तळाशी ती अगदी लहान दिसत होती. तेव्हा तिने मान वर केली. तिला काय दिसत असेल? दोन भिंतींमधली आकाशाची पट्टी, आणि काठावर हँडल धरून वाकलेला, कोट चिखलात भरलेला, चष्म्यातून दात मोजणारा एक म्हातारा. त्याला आपल्या अवताराची लाज वाटली. ती मात्र नजर हलवत नव्हती.

पाणी थांबलं. त्याने पुढचे दरवाजे उघडले, एक ढकलून, दुसरा आता मागच्या बंद दारांवरच्या फळीवरून सरकत जाऊन. सोलांजने दोर ओढून घेतला, सुकाणू धरलं आणि बोट बाहेर पडली.

ओक्ताव्हने हँडल दारामागे ठेवलं. आभाराची काही खूण ठेवावी असं त्याला वाटलं, आणि ती उरलेली शेवंती त्याला आठवली. पण ती बोटीत होती, हे बरंच झालं. जिवंत माणसाच्या उंबऱ्यावर थडग्याचं फूल ठेवायला तो निघाला होता. खिडकीकडे पाहून त्याने टोपी काढली. खिडकीने काही पाहिलं नाही.

वळला तोवर बोट बरीच पुढे गेली होती. सोलांज मागे पाहत नव्हती. पाठ ताठ, हात सुकाणूवर, आणि इंजिनाचा आवाज लहान लहान होत चाललेला. ओक्ताव्ह काठाच्या पायवाटेने चालू लागला, मग थोडा पळू लागला. कोळशाच्या बोटीतली झेली त्याला आठवली. हाक मारावी असं त्याच्या दोनदा मनात आलं. साठ वर्षं वाट पाहिलेल्या बाईला पाच मिनिटं मिळू नयेत का, म्हणून त्याने मारली नाही. बोट पॉप्लरच्या वळणाआड गेली.

वळण ओलांडलं तेव्हा त्याला दम लागला होता. बोट नाक काठात खुपसून, अगदी बेढब तिरकी उभी होती. त्याने उभी केली असती तशीच. सोलांज छपराजवळ उभी होती. तिचे डोळे ओले होते आणि ती हसत होती.

"थांबवता येत नाही ही," ती म्हणाली. मग तिने दोराचं टोक त्याच्याकडे फेकलं. "बांधू नकोस. नुसता धर."

त्याने धरला.